भैरवीवाचून संपणारे चित्रपट

मैफल भैरवीने संपते, कीर्तन आरतीने संपते, आणि जुने संगीत नाटक भरतवाक्यावाचून सहसा आटोपत नसे. कार्य सिद्धीस गेले, आता उठावे आणि जाताना मनाशी काही शुभ बाळगून जावे, अशी ही श्रोत्यांना दिलेली सूचनाच असते. बोलपटानेही ही रीत पुष्कळ वर्षे सांभाळली. शेवटच्या रिळात ताटातूट झालेले कुटुंब एकत्र यावे, दुर्जनास शासन व्हावे, निदान मरणाऱ्याच्या मुखी दोन शब्द तरी यावेत, एवढी अपेक्षा तिकीट काढणारा बाळगीत असे. गेल्या काही वर्षांतील काही मराठी चित्रपटांनी ती बुद्ध्याच मोडली. 'चांगला होता, पण एकदम कसा संपला?' हा उद्गार त्यांच्या वाट्याला वारंवार येतो. तो उद्गार तक्रारीचा असला, तरी त्यात प्रेक्षकाने चित्रपटाचे मर्म नकळत पकडलेले असते.

(चित्रपटाचा शेवट आधी सांगणे हा रसिकांत मोठा अपराध गणला जातो. येथे तो पाच वेळा घडणार आहे. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांनी येथेच थांबण्यास हरकत नाही.)

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ सालचा. गावकुसाबाहेरच्या कैकाडी कुटुंबातील जब्या नावाचा शाळकरी मुलगा, त्याचे शालूवरील अबोल प्रेम, आणि त्याच शालूच्या डोळ्यांदेखत बापाबरोबर डुक्कर धरण्याची त्याच्यावर आलेली वेळ, एवढेच कथानक. धरलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे दिसतात. ह्या दृश्याची स्तुती फार झाली. ते परिणामकारक आहे, परंतु मुद्दाम मांडल्यासारखेही आहे. खरा घाव त्यानंतर बसतो. चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो, तो दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि अंधार होतो. तोपर्यंत आपण जब्याच्या बाजूचे आहोत अशा समजुतीत प्रेक्षक असतो. डुक्कर धरण्याचा तमाशा पाहत हसणाऱ्या गर्दीत आपलीही खुर्ची मांडलेली होती, हे त्या दगडाने कळते.

'सैराट' (२०१६) अधिक लोकप्रिय झाला आणि म्हणूनच त्याच्याविषयी गैरसमजही अधिक आहेत. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर चित्रपटगृहात लोक उठून नाचले. तेव्हा हा नाचगाण्यांचा चित्रपट, आणि शेवट तेवढा विनाकारण क्रूर, असे म्हणणारे आजही भेटतात. परंतु चित्रपटाचा उत्तरार्ध नीट पाहावा. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादेस येतात आणि तेथपासून गाणी जवळजवळ नाहीशी होतात. भाषा परकी, घर पत्र्याचे, काम मजुरीचे. पाटलाच्या लेकीला पाणी भरावे लागते. हैदराबादेतील मराठी माणसाला अगदी ओळखीचा वाटावा असा हा भाग आहे. सामान्य प्रेक्षकाला मात्र तो लांबलेला वाटतो, कारण पूर्वार्धातील संगीताने त्याची सवय बिघडवून ठेवलेली असते. ती सवय दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर बिघडवली आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा टाकते. खून पडद्यावर घडत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले त्यांचे लहान मूल परत येते, आत जाते, आणि ध्वनी बंद होतो. मूल रडते आहे हे दिसते. ऐकू येत नाही. मग रक्ताने भरलेली त्याची पावले उंबऱ्याबाहेर उमटत जातात. ज्या चित्रपटाने दीडेक तास वाद्यमेळाचा गजर केला, त्यालाच ही शांतता परवडते. आरंभापासून गंभीर असलेल्या चित्रपटात तिचा इतका चटका बसला नसता.

ह्याच कथेवरील 'धडक' ह्या २०१८ च्या हिंदी चित्रपटात शेवट बदलला. तेथे पती आणि मूल मारले जातात व आई उरते. आई आक्रोश करू शकते, प्रेक्षक तिच्याबरोबर रडू शकतो, आणि रडला की मोकळा होतो. 'सैराट'मध्ये जे उरते त्याला काय गमावले हे सांगताही येत नाही, म्हणून प्रेक्षकाची सुटका होत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट कथाचित्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाहीर नारायण कांबळे यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली, असा आरोप ठेवून खटला उभा राहतो. वीरा साथीदार यांनी हा शाहीर साकारला. २०२१ साली ते निवर्तले. चित्रपटात कोणी खलपुरुष नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश कामकाजाचे नियम पाळतात. अखेर उन्हाळ्याची सुटी लागते, शाहीर तुरुंगातच राहतो, न्यायालयाचे दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो.

येथे चित्रपट संपला असता, तर तो उत्तम म्हणून गौरवला गेला असता. अंधारलेले न्यायमंदिर हे प्रतीक कोणालाही कळते. ताम्हाणे तेथे थांबत नाहीत. ते न्यायाधीशांबरोबर सहलीला जातात. हे गृहस्थ एका नातलगाला, मूल बोलत नाही म्हणून नाव बदलण्याचा आणि खडा वापरण्याचा सल्ला देतात. मग बाकावर डुलकी घेत असता खोडकर मुले ओरडून त्यांची झोप मोडतात. ते हाताला लागेल त्या मुलाला चपराक मारतात आणि पुन्हा पेंगू लागतात. संपले. अनेकांना हे शेपूट अनावश्यक वाटते. वास्तविक संपूर्ण खटला त्या चपराकीत आहे. झोपमोड झाली, जो हाती सापडला त्याला शिक्षा झाली, आणि शिक्षा देणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. द्वेष असता, तर त्याच्याशी भांडता तरी आले असते.

त्यांचाच पुढचा चित्रपट 'द डिसायपल' (२०२०) शास्त्रीय गायकीत उणे पडणाऱ्या शिष्याची कथा सांगतो. अपयश इतक्या संयमाने मराठीत क्वचितच रंगवले गेले असेल. शेवटी मात्र गाडीच्या डब्यात एक फिरस्ता गात जातो आणि नायक ऐकत बसतो. येथे दिग्दर्शकाला भैरवीचा मोह आवरला नाही, असेच म्हणावे लागते.

हा चित्रपट २०२१ साली बहुतेकांनी घरीच पाहिला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील अनेक मराठी घरांत नवा चित्रपट आता दूरचित्रवाणी संचावर किंवा मोबाइलवर येतो आणि शेवटाचे खरे नुकसान तेथे होते. चित्रपटगृहात 'सैराट' संपल्यावर लोक काही वेळ जागचे हलत नसत. घरच्या पडद्यावर श्रेयनामावली सुरू होताच पुष्कळदा चित्र आकसून कोपऱ्यात जाते आणि एखाद्या विनोदी चित्रपटाची शिफारस पडदा व्यापते. ती नाकारून नामावली पूर्ण पाहण्याची खूण काही सेवांनी ठेवलेली आहे. ती थोडे क्षणच दिसते, आणि तोपर्यंत घरातील कोणीतरी दिवा लावलेला असतो.