कथेतील माणसे (भाग ९) : निवृत्त फौजीची सकाळ

निवृत्त सैनिकाचे पात्र उभे करताना झुपकेदार मिशा, खणखणीत आवाज आणि 'शिस्त म्हणजे शिस्त' एवढ्यावर पुष्कळ कथा भागवतात. असे पात्र गणवेशाशिवाय दुसरे काहीच सांगत नाही. फौजेने अंगात मुरवलेल्या सवयी घरी, कोणाचा हुकूम नसताना, कशा वागतात ते सकाळी दिसते. म्हणून सुरुवात तिथून करावी.

आधी त्याची पलटण ठरवावी. उजाडताना आणि अंधारताना हल्ल्याचा धोका अधिक मानला जातो, त्यामुळे सीमेवरच्या मोर्च्यात पायदळाचे जवान झुंजुमुंजू होण्याआधीच शस्त्रे घेऊन सज्ज असतात. याला 'स्टँड-टू' म्हणतात. असा माणूस साडेचारला उठतो त्यामागे योगासनांची आवड नसते. तोफखान्यातल्याचे वेगळे. १९९९च्या कारगिल युद्धात १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफांवर राबलेल्या हवालदाराला कुकरची शिट्टी ऐकू येत नसेल, तर बायको हाक मारत नाही, समोर येऊन उभी राहते; तो तिच्या ओठांकडे बघून उत्तर देतो. बहिरेपणाचा शब्दही न काढता वाचकाला सारे कळते. फौजी ड्रायव्हर असेल तर मोटारसायकलला किक मारण्याआधी गाडीभोवती एक फेरी घालून टायर आणि ऑइल बघेल.

वयाची चूक तर सर्रास होते. जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीत निघतो. त्याची सकाळ आरामखुर्चीत सरत नाही; दाढी उरकून, डबा घेऊन तो बँकेच्या दारावर रखवालीला निघालेला असतो. कालपर्यंत सेक्शन सांभाळणारा आज कारकुनाच्या आधी येऊन शटर उघडतो. कथेला याहून चांगले बीज क्वचितच सापडेल.

घरच्यांचाही विचार हवा. वर्षानुवर्षे तो सुटीपुरता येत राहिला आणि घराने त्याच्यावाचून आपली घडी बसवली. पहाटे बादली वाजली की सून कूस बदलते. चादरीच्या घड्या तो पुन्हा घालतो, तेव्हा बायकोला तो आपल्या कामावरचा शेरा वाटतो. घाईत त्याच्या तोंडून 'जल्दी करो' निघते, कारण बराकीतली भाषा हिंदी होती. गावही बघावे: साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या फौजींच्या गावात अशी सकाळ कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पुण्याच्या सोसायटीत भरेल.

मात्र दिनक्रमाची जंत्री म्हणजे पात्र नव्हे. दोन-तीन सवयी पुरेत, आणि त्यांतली एक कथेत कुठेतरी मोडावी. रोज दाढी करणारा माणूस एका सकाळी वस्तरा हातात घेऊन परत ठेवतो, तेव्हा कारण शोधायला वाचक पुढे वाचतो. ते कारण लेखकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक हवे.

पुढील भागात : पात्राची बोली.