जेत्यांच्या कागदांतले बंडखोर : स्पार्टाकस आणि भागोजी नाईक

स्पार्टाकसने स्वतः लिहिलेला एक शब्दही उरलेला नाही. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात रोमला हादरवणाऱ्या या गुलामांच्या नेत्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः प्लूटार्क आणि ॲपियन या ग्रीक लेखकांमुळे. दोघेही रोमन साम्राज्यात राहून, सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होते. प्लूटार्कने तर ही हकीकत बंड मोडणाऱ्या क्रॅससच्या चरित्रातच घातली आहे. हरलेल्याचा शोध जिंकणाऱ्याच्या कागदांत कसा घ्यायचा, या प्रश्नाने मला आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या भागोजी नाईकांपर्यंत नेले.

आधी रोमची हकीकत पाहू. कापुआ येथील आखाड्यात झुंजींसाठी कोंडलेले सत्तरएक गुलाम स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन निसटले आणि व्हेसुव्हियस डोंगरावर गेले. तीन हजार सैनिकांनी वाट अडवली, तेव्हा त्यांनी रानद्राक्षांच्या वेलींच्या शिड्या वळल्या आणि कड्यावरून उतरून शत्रूला मागून गाठले. पिंपळगाव बसवंतसारख्या द्राक्षांच्या मुलखात राहणाऱ्याला ही गोष्ट अशक्य वाटत नाही. जुना वेल किती चिवट असतो, हे आम्ही रोज पाहतो. पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते ॲपियनने जाता जाता नोंदवलेले तपशील : स्पार्टाकस पूर्वी रोमन सैन्यात होता, तो लूट सर्वांत सारखी वाटे, सोने-चांदी आणायला त्याने व्यापाऱ्यांना बंदी केली होती. प्लूटार्क म्हणतो, आल्प्स ओलांडून प्रत्येकाने आपापल्या घरी जावे, एवढाच त्याचा बेत होता. शत्रुपक्षाच्या लेखणीतून उतरलेली ही स्तुती म्हणूनच विश्वसनीय वाटते.

आता भागोजी नाईक. ते सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे गावचे भिल्ल नायक. ते गुलाम नव्हते, हा फरक विसरता कामा नये. त्यांची हकीकत नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये येते आणि तिथे त्यांच्या माणसांना सरळ ‘टोळी’ म्हटले आहे. मात्र त्याच पानांत हेही आहे, की भागोजी पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून त्यांना कैद झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. १८५७ मध्ये सर्वत्र हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी गाव सोडले. पन्नासएक भिल्ल त्यांना मिळाले आणि पुणे-नाशिक रस्त्यावर नजर राहील अशा जागी त्यांनी ठाण मांडले.

४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री तिथे पोहोचले. मामलेदारांमार्फत शरण येण्याचा निरोप गेला. भागोजींनी उत्तर पाठवले : दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पुढच्या पोटापाण्याची सोय करा. सरकारने त्यावर पोलिसांना चालून जाण्याचा हुकूम दिला. त्या चकमकीत हेन्री मारले गेले आणि मग भिल्लांचा उठाव अहमदनगर-नाशिकच्या डोंगरांत पसरला. पुढची दोन वर्षे भागोजी हाती लागले नाहीत. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरे गावाजवळ फ्रँक सूटर यांच्या तुकडीशी लढताना ते पडले. हेच सूटर पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले.

स्पार्टाकस आणि भागोजी यांच्यात एकोणीसशे वर्षांचे अंतर आहे. तरी दोघेही आधी सत्तेचीच हत्यारे वाहणारे होते आणि नंतर तिच्याविरुद्ध उभे राहिले. दोघांच्या मागण्याही राज्य मिळवण्याच्या नव्हत्या : एकाला घरी जायचे होते, दुसऱ्याला आपला पगार हवा होता. बंड वाचताना आपण लढाया आणि मृत्यूंचे आकडे आधी पाहतो. स्पार्टाकसच्या पराभवानंतर कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार कैद्यांना क्रुसावर चढवले, हे वाक्य लक्षात राहतेच. माझ्या मते बंडखोराची मागणी आधी शोधावी. जेत्यांच्या लेखनात ती एखाद-दुसऱ्या ओळीतच असते, कारण ती मान्य केली असती तर पुढची लढाई झालीच नसती, हे त्यातून उघड होते. भागोजींची माणसे ‘टोळी’ ठरली; पण थकलेल्या दोन वर्षांच्या पगाराचा हिशेब सरकारी कागदांतच राहून गेला आहे.