पाठीवरचा वारा

रायपूरच्या शंकर नगरमधून आषाढातल्या एखाद्या रविवारी पहाटे सायकल काढून पूर्वेकडे निघालेल्या माणसाचे पहिल्या तासाभरात स्वतःविषयी फारच चांगले मत होते. तेलीबांधा तलाव मागे पडतो, नव्या इमारती विरळ होतात, मंदिर हसौद येते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाचे बांध सुरू होतात. पायडल हलके फिरत असते. श्वास लागत नाही. गेल्या महिन्यातील सरावाचे चीज झाले, असे मनात येते. पस्तीस-छत्तीस किलोमीटरवरचे आरंग हां हां म्हणता येते. तेथील भांड देऊळ हे प्राचीन जैन मंदिर पाहावे, टपरीवर चहा घ्यावा आणि परत फिरावे, एवढाच त्या सकाळचा बेत असतो.

परत फिरल्यावर मात्र दुसराच माणूस सायकलवर बसला आहे की काय, असे वाटू लागते. तोच रस्ता, तीच सायकल, तेच पाय. पण मैलाचे दगड सरकत नाहीत. कारण साधे आहे. पावसाळ्यात या मुलखात वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो पाठीवर होता, आता तोंडावर आहे. गमतीचा भाग असा की, जाताना वारा आहे हेच त्याच्या ध्यानात आले नव्हते.

असे का होते, हे गणितानेही सांगता येते. हवेचा विरोध सायकलस्वार आणि हवा यांच्यातील सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास ताशी १० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर हवेचा वेग त्याच्या दृष्टीने ३० होतो आणि विरोध निर्वात दिवसाच्या सव्वादोन पट भरतो. तोच वारा पाठीवर असेल तर सापेक्ष वेग १० उरतो आणि विरोध एक चतुर्थांशावर येतो. म्हणजे एकाच वाऱ्याच्या दोन दिशांत नऊ पटींचा फरक! आणि पाठीवरचा वारा नेमका सायकलच्याच वेगाने वाहू लागला, तर सायकलस्वाराला हवा पूर्णपणे स्थिर भासते. साहाय्य जितके मोठे, तितकी त्याची जाणीव कमी. समोरचा वारा कानात घोंघावतो, डोळ्यांत पाणी आणतो, सदरा छातीशी चिकटवतो. पाठीवरचा वारा आपली कोणतीही खूण ठेवत नाही.

शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. समोरचा वारा आणि पाठीवरचा वारा हीच उपमा त्यांनी त्याच्या शीर्षकात घेतली. माणसाला आयुष्यातील अडथळे ठळकपणे आठवतात, साहाय्य आठवत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. एखाद्या संघाच्या चाहत्यांना हंगामातील अवघड सामने चटकन आठवतात. राजकीय पक्षांचे समर्थक, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, निवडणुकीचा नकाशा आपल्यालाच प्रतिकूल आहे असे मानतात. भावंडांचे निरीक्षण तर कोणत्याही मराठी घरात पडताळून पाहता येईल: आई-वडिलांनी आपल्यालाच अधिक शिस्त लावली, याविषयी थोरल्याला शंका नसते; धाकट्याला ते मुळीच मान्य नसते.

या गिलोविचांचे स्नेही अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रँक. २००७ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील इथाका या गावी हे दोघे टेनिस खेळत असताना फ्रँक यांचे हृदय एकाएकी बंद पडले. रुग्णवाहिका एरवी काही किलोमीटर अंतरावरून यावयाची. परंतु त्याच सुमारास जवळच मोटारींचे दोन अपघात झाले होते, त्यांसाठी निघालेल्या दोन गाड्यांपैकी एकीची तेथे गरज उरली नव्हती, आणि ती काही मिनिटांत टेनिसच्या मैदानावर पोहोचली. फ्रँक वाचले. पुढे २०१६ साली यश आणि दैव यांच्या संबंधावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यातील एक प्रयोग विचार करावयास लावणारा आहे. संगणकावर एक लाख स्पर्धकांची स्पर्धा कल्पून त्यांनी ९८ टक्के भार गुणवत्तेला आणि केवळ २ टक्के भार दैवाला दिला. तरीही बहुतेक वेळा विजेता हा सर्वांत गुणी स्पर्धक नसे. शिखराजवळ गुणवंतांची एवढी दाटी असते की, अखेरचा निवाडा त्या दोन टक्क्यांच्या हाती जातो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कार्यसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव शेवटी आहे, पण गाळलेले नाही. आपण मात्र व्यवहारात दोन टोकांना जातो. यश आले की चारच कारणे मोजतो, आणि अपयश आले की पाचवे तेवढे पुढे करतो.

शंकर नगरचेच उदाहरण घ्यावे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. मंत्र्यांची निवासस्थाने या वस्तीत आली, रस्ते रुंदावले, बाजारपेठ वाढली. त्यापूर्वी नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन पोटाला चिमटा घेऊन एक लहानसा भूखंड घेतलेल्या कुटुंबाने काटकसर केली, हप्ते वेळेवर फेडले, हे खरेच. त्याचे श्रेय त्यांचेच. परंतु आपण राजधानीत घर बांधीत आहोत, हे त्यांना कोठे ठाऊक होते? तेवढीच काटकसर दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी करणाऱ्याच्या पदरी वेगळा हिशेब पडला. गेल्या शतकाच्या नव्वदीच्या दशकात मुदत ठेवींवर बारा-तेरा टक्के व्याज घेतलेली पिढी आजच्या तरुणांना बचतीचे धडे देते, तेव्हा तिनेही एकदा मागे वळून वाऱ्याची दिशा पाहावी.

सायकलचा इतिहासही याच गोष्टीची साक्ष देतो. हवा भरलेल्या धावेचा शोध म्हटला की डनलॉप यांचे नाव निघते. बेलफास्टमध्ये १८८८ साली त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ती तयार केली. वस्तुतः स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी चाळीस वर्षांपूर्वीच, १८४० च्या दशकात, अशाच धावेचे एकस्व मिळविले होते. म्हणूनच डनलॉप यांचे एकस्व पुढे रद्द ठरले. कल्पना तीच, आणि थॉमसन यांचे बुद्धिसामर्थ्यही कमी नव्हते. पण त्यांच्या काळी रस्त्यावर घोडागाड्या होत्या, सायकल नव्हती. डनलॉप यांच्या धावेच्या तीनच वर्षे आधी, १८८५ साली, इंग्लंडात स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची सायकल आली होती. धाव आली तेव्हा चाक तयार होते, एवढाच फरक.

याचा अर्थ कष्टांना मोल नाही असा कोणी काढू नये. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा बारा दिवसांच्या मुदतीतील तीन तासही शिल्लक नव्हते. त्याच वर्षी ती पूर्ण करणारे लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना आदल्या वर्षी अर्ध्यातून माघार घ्यावी लागली होती. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली; वाटेत कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले. अस्वलाच्या तावडीतून सुटणे हे दैव. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पायडलवर पाय ठेवणे हे दैव नव्हे.

आरंगच्या वाटेवर बांधाबांधाने चालणारा शेतकरी या बाबतीत शहरातून आलेल्या सायकलस्वारापेक्षा अधिक जाणता असतो. छत्तीसगढच्या जुन्या पद्धतीत धान फेकून पेरतात आणि शेतात पाणी साचले की उभ्या पिकात हलका नांगर फिरवतात; त्याला बियासी म्हणतात. पाणी साचले नाही तर बियासी खोळंबते आणि वर्षाचे गणित तेथेच चुकते. त्याने बी उत्तम निवडले असेल, तण वेळेवर काढले असेल, तरी ढगांवर त्याचा हक्क नाही. म्हणून तर १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाच्या धानासाठी विमा रकमेच्या अधिकाधिक २ टक्के एवढाच हप्ता शेतकऱ्याने भरावा, उरलेला शासनाने, अशी व्यवस्था झाली. कर्जाच्या अर्जात दैव नावाचा रकाना नसतो. विमा हाच तो रकाना होय. शाखेच्या खिडकीपाशी थकबाकीदार म्हणून उभा असलेला माणूस आळशी आहे की एका पावसाने चुकलेला, हे ओळखण्यासाठी अधिकाऱ्यालाही अधूनमधून अशा रस्त्याने हिंडून आलेले बरे. मोटारीच्या बंद काचांतून वाऱ्याची दिशा कळत नाही.

जुने जाणते सायकलस्वार नवख्यांना एक सल्ला देतात: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे थकल्यावर तो घरी पोहोचवतो. मार्गशीर्षात वारा उलटतो आणि ईशान्येकडून येऊ लागतो, तेव्हा आरंगचा रस्ता या सल्ल्यात अचूक बसतो. जाताना घाम निघतो, टपरीवरच्या गरम चिल्याला आणि टोमॅटोच्या चटणीला चव येते, आणि परतीच्या वाटेवर कापणी झालेल्या शेतांमधून सायकल आपोआप चालल्यासारखी चालते. कानाशी कसलाही आवाज नसतो. वाटेतल्या एखाद्या देवळावरचा ध्वज तेवढा रायपूरच्या दिशेने ताठ फडकत असतो.