बावीस अब्जांश सेकंदांची सहल

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टॉम व्हॅन बाक नावाचे एक गृहस्थ आपल्या तीन मुलांना घेऊन माउंट रेनियर पर्वतावर सहलीस गेले. मोटारीत मुलांखेरीज आणखी तीन प्रवासी होते. ते प्रत्येकी सुमारे ३० किलो वजनाचे आणि अखंड वीज खाणारे! ती होती तीन सीझियम घड्याळे. अचूक घड्याळे जमविणे आणि ती घरी चालविणे हा व्हॅन बाक यांचा छंद. आइन्स्टाइनने सापेक्षतेचा सिद्धान्त १९०५ मध्ये मांडला आणि इंग्लंडात लुई एसेन यांनी सीझियम घड्याळ १९५५ मध्ये चालविले, अशा दोन्ही गोष्टींचे स्मरण त्यांना आपल्या रीतीने करावयाचे होते.

उंचावरचे घड्याळ सखल जागेवरील घड्याळापेक्षा किंचित जलद चालते, असे आइन्स्टाइनचे गणित सांगते. व्हॅन बाक यांचे घर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर, तर पर्वतावरील मुक्काम सुमारे ५,४०० फुटांवर. तेथे सुमारे दोन दिवस राहिल्यास घड्याळे २२ अब्जांश सेकंद पुढे जावयास हवीत. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील साडेसहा मीटरच, म्हणजे एखाद्या ऐसपैस दिवाणखान्याच्या लांबीइतकाच, पुढे सरकतो. हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रवासी विमानांतून अशी घड्याळे पृथ्वीभोवती फिरवून हा परिणाम मोजला होता. पण ते काम संस्थांच्या पाठबळावर झाले. येथे एक बाप, तीन मुले आणि घरची मोटार.

या सहलीत जोखीम होती ती विजेची. निघण्यापूर्वी तिन्ही घड्याळे घरी राहणाऱ्या घड्याळांशी ताडून पाहावयाची आणि परतल्यावर पुन्हा ताडावयाची. दोन नोंदींतील फरक हेच उत्तर. मधल्या काळात एखादे घड्याळ निमिषमात्र जरी बंद पडले, तरी त्याची मोजणी तुटली आणि सारा खटाटोप वाया गेला. असे एक घड्याळ सुमारे ५० वॅट वीज घेते. तिघांचे मिळून १५० वॅट. बारा व्होल्टांच्या बॅटरीतून साडेबारा अँपिअर. मोटारीची मोठी, १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरच्या हिशेबाने आठ तास पुरेल, पण प्रत्यक्षात तिच्यावर इतका विश्वास कोणी टाकू नये.

दुसरी चिंता उष्णतामानाची. तिचा अनुभव आपल्याही घरात येतो, फक्त तो लक्षात येत नाही. भिंतीवरच्या साध्या घड्याळात क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. तो सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. त्याहून थंडी पडो वा उकाडा होवो, तो मागेच पडतो. फरक १० अंशांचा असेल तर दिवसाला सुमारे ०.३ सेकंद, आणि २० अंशांचा असेल तर त्याच्या चौपट. म्हणजे विदर्भातील उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीतील घड्याळ एवढ्याच कारणाने महिन्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे पडू शकते. मनगटावरील घड्याळ बहुधा बरे चालते, कारण अंगाची ऊब त्याला दिवसभर एकसारखी मिळते.

छंदी लोकांनी हीच युक्ती शास्त्रशुद्ध रीतीने वापरली आहे. स्फटिक एका लहानशा पेटीत बंद करून ती पेटी सतत ८० अंशांच्या आसपास तापलेली ठेवावयाची. इंग्रजीत तिला ओव्हन म्हणतात. मराठीत ‘भट्टी’ लिहावे तर वाचकांच्या डोळ्यांपुढे विटा किंवा पाव उभे राहतात, म्हणून मी तिला ‘उबेची पेटी’ म्हणतो. इतकी उष्णता कशासाठी? कारण तापविणे सोपे, निवविणे कठीण. खोली कितीही तापली तरी ती ८० अंशांवर जाणार नाही. तेव्हा तापकाची वीज कमी-अधिक केली की काम भागते. उष्णतेची चाहूल घेणारा एक बारीक घटक आत बसविलेला असतो व तो तापकाला क्षणोक्षणी आवरतो. स्फटिकही असा कापलेला असतो की, नेमक्या त्या उष्णतामानाला त्याच्यावर उष्णतेचा परिणाम अत्यल्प व्हावा.

येथे वीज आणि उष्णता यांचे नाते जुळते आणि नवशिक्याची फसगत होते ती बहुधा येथेच. खोली गार झाली की तापक अधिक वीज ओढतो. तापक आणि स्फटिकाचे मंडल यांची परतीची तार एकच व बारीक असेल, तर त्या वाढलेल्या प्रवाहाने तारेवरचा दाब किंचित बदलतो. स्फटिकाची कंपने जुळविणारा दाबही त्याच तारेच्या आधारे मोजला जात असल्याने घड्याळाची गती बदलते. बिचारा छंदी दोष स्फटिकाला देतो, आणि दोष असतो तारेचा! म्हणून जाणकार दोहोंच्या तारा निराळ्या ठेवतात आणि स्फटिकाच्या मंडलासाठी दाब स्थिर राखणारा स्वतंत्र घटक बसवितात.

मोबाइल टेलिफोनच्या मनोऱ्यांतून काढलेली जुनी रुबिडियम घड्याळे बाजारात येऊ लागल्यापासून हा छंद पुष्कळ सुलभ झाला. त्यांना १५ किंवा २४ व्होल्ट लागतात. संगणकाबरोबर मिळणारे हलके वीजयंत्र हाताशी असते खरे, पण ते आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते आणि तो गोंगाट घड्याळाच्या लहरीत उतरतो. जुना, जड ट्रान्सफॉर्मर त्यापेक्षा शांत, आणि सर्वांत शांत शिशाची बॅटरी. पुष्कळजण दोन डायोड लावून घरची वीज आणि बॅटरी अशी जोडतात की, एक गेली तर दुसरी तत्क्षणी भार उचलते. वीज गेल्याचे दुःख आपल्याला सांगावयास नको. पण महिनोन् महिने तापत राहून स्थिरावलेला स्फटिक एकदा निवला की, पुन्हा तापल्यावर तो नेमक्या जुन्या गतीला येतोच असे नाही. ती स्थिरता मिळविण्यास पुन्हा किती दिवस वा आठवडे लागतील याचा नेम नसतो.

रुबिडियम घड्याळाला कापसात गुंडाळून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याच्या आतला दिवा मुळातच फार तापलेला असतो आणि ती उष्णता बाहेर जावयास हवी. जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ते घट्ट बसवावे, वाऱ्याच्या झोतापासून आडोसा द्यावा आणि पत्र्याचे उष्णतामान एका लहान पंख्याने सांभाळावे. तरीही खोलीत एका अंशाचा बदल झाला, तर त्याची गती जेवढी हलते, तेवढ्यापुढे पर्वतावरील तो सूक्ष्म परिणाम झाकून जाण्याचा संभव असतो. सीझियमच सोबत नेण्याचे कारण हे. आणि तीन नेण्याचे कारण असे की, दोन घड्याळांत मतभेद झाला तर खरे कोणाचे हे तिसऱ्याला विचारावे लागते.

ही घड्याळे बंद न पडता घरी परतली. घरच्या घड्याळांशी ताडून पाहिल्यावर ती पुढे गेलेली आढळली आणि फरक गणिताने सांगितलेल्या २२ अब्जांश सेकंदांशी जुळता निघाला. ही हकीकत ‘फिजिक्स टुडे’ या मासिकाच्या मार्च २००७ च्या अंकात प्रसिद्ध झाली. मुलांनाही, अर्थात, सुट्टी तेवढीच जास्त मिळाली.