बोरोबुदूर

इंडोनेशियातील जगप्रसिद्ध प्राचीन बौद्ध स्मारक. मध्य जावातील केडू मैदानात, योग्यकर्ता शहराच्या वायव्येस सु. ४० किमी. अंतरावर एका नैसर्गिक टेकडीला दगडी आवरण घालून ते उभारलेले आहे. शैलेंद्र वंशाच्या अमदानीत, आठव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बांधकाम सुरू होऊन नवव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पुरे झाले, असे सामान्यतः मानले जाते. यास मंदिर म्हणण्याचा प्रघात असला, तरी येथे गर्भगृह नाही व सभामंडपही नाही. पायथ्यापासून प्रदक्षिणा घालीत शिखरापर्यंत चढत जाणे हीच येथील उपासना होती. त्यामुळे ही वास्तू कशी पाहावी, हा प्रश्न तिच्या अर्थाशीच निगडित आहे.

अँडेसाइट या ज्वालामुखीजन्य दगडाच्या या वास्तूत एकावर एक सहा चौरस व त्यांवर तीन वर्तुळाकार मजले असून माथ्यावर एक मोठा बंदिस्त स्तूप आहे. वर्तुळाकार मजल्यांवर अनुक्रमे ३२, २४ व १६ असे एकूण ७२ जाळीदार स्तूप असून प्रत्येकात एक बुद्धमूर्ती आहे; कोनाड्यांतील ४३२ मूर्ती धरून एकूण संख्या ५०४ होते. यांपैकी तीनशेहून अधिक मूर्ती भग्न, बहुधा शिरोहीन आहेत. चौरस मजल्यांवरील चार प्रदक्षिणापथ वर उघडे, पण दोन्ही अंगांनी भिंतींनी बंद आहेत. त्यांतून चालताना बाहेरचा प्रदेश दिसत नाही, दिसतात ती केवळ शिल्पे. कथात्मक फलक १,४६० आणि शोभेचे १,२१२ आहेत. कथाक्रम पूर्वेच्या जिन्यापासून सुरू होतो व वास्तू उजव्या हातास ठेवून तो वाचावा लागतो. पहिल्या पथात भिंतीवर दोन व कठड्यावर दोन अशा चार फलकमाला असल्याने तेथे चार फेऱ्या, तर उरलेल्या तीन पथांत प्रत्येकी दोन, म्हणजे सर्व शिल्पे क्रमाने पाहण्यास दहा फेऱ्या घालाव्या लागतात. पहिल्या पथातील भिंतीवरच्या वरील ओळीत ‘ललितविस्तरा’नुसार बुद्धचरित्राचे १२० फलक आहेत. खालच्या ओळीत अवदानकथा असून त्यांतील शिडांची जहाजे जावातील तत्कालीन नौकानयनाचा मोलाचा पुरावा ठरली आहेत. पुढील पथांत प्रामुख्याने ‘गंडव्यूहा’तील सुधनाची ज्ञानयात्रा कोरलेली आहे. वर्तुळाकार मजल्यांवर मात्र एकही कथाशिल्प नाही. बंद वाटांतून चढून आलेल्यास तेथे एकदम मोकळे आकाश व मेरापी, मेरबाबू हे पर्वत दिसतात. हा विरोधाभास योजनापूर्वक साधला असावा.

पायथ्याचे १६० फलक कर्मविपाकाविषयी आहेत. ते एका रुंद दगडी चौथऱ्याआड झाकलेले असून १८८५ मध्ये प्रथम आढळले. त्यांची छायाचित्रे घेऊन तो भाग पुन्हा बुजविण्यात आला; आज आग्नेय कोपऱ्यातील थोडेच फलक पाहता येतात. अश्लील वाटल्यामुळे ते झाकले, असा एक तर्क आहे. परंतु खचू लागलेल्या वास्तूस आधार देण्यासाठी चौथरा घातला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

वनस्पती व राखमातीखाली दडलेल्या या स्मारकाकडे १८१४ मध्ये स्टॅमफर्ड रॅफल्स याचे लक्ष गेले व त्याने कॉर्नेलियस या डच अभियंत्याकडून जागा साफ करविली. १८९६ मध्ये डच शासनाने सयामचा राजा चुलालंकर्ण यास येथील शिल्पे भेट म्हणून दिली; ती आठ गाड्या भरून नेण्यात आली. पहिली मोठी दुरुस्ती टेओडोर व्हान एर्प याने १९०७–११ या काळात केली. तथापि टेकडीच्या मातीत मुरणारे पावसाचे पाणी भिंती कलवीत व दगड झिजवीत राहिले. यूनेस्कोच्या साहाय्याने १९७३–८३ दरम्यान चौरस मजल्यांचे दहा लाखांहून अधिक दगड उतरवून, आत पाण्याचे निचरामार्ग घालून ते पुन्हा रचण्यात आले. जानेवारी १९८५ मधील बाँबस्फोटांत नऊ स्तूपांची हानी झाली. १९९१ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २०१० मध्ये मेरापीच्या उद्रेकाची आम्लयुक्त राख वास्तूवर पसरली.

पाणी व राख यांच्या जोडीला प्रेक्षकांच्या पावलांचाही उपद्रव मोठा आहे. बहुसंख्य प्रवासी प्रदक्षिणा न घालता जिन्याने सरळ माथ्यावर जात. त्यामुळे शिल्पे न पाहिलेली राहत आणि पायऱ्या मात्र झिजत. जाळीतून हात घालून एका विशिष्ट बुद्धमूर्तीस स्पर्श केल्यास इच्छा पुरी होते, या समजुतीनेही दगडांची झीज झाली. २०२० पासून वर चढण्यास बंदी घालण्यात आली. २०२२ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी १०० डॉलर व देशी प्रवाशांसाठी साडेसात लाख रुपिया शुल्काचा प्रस्ताव आला, पण स्मारक सामान्य इंडोनेशियनांच्या आवाक्याबाहेर जाईल या टीकेमुळे तो मागे पडला. पुढे २०२३ मध्ये दिवसाला १,२०० जणांची मर्यादा ठरवून, मार्गदर्शकासह व ‘उपानत’ नावाच्या मऊ तळाच्या वहाणा घालून चढण्याची पद्धत सुरू झाली. हे नाव संस्कृत ‘उपानह्’पासून आले असून मराठी ‘वहाण’ही त्याच शब्दापासून झाला आहे.

पूर्वेकडील मेंदुत व पावोन ही लहान मंदिरे बोरोबुदूरशी जवळजवळ एका रेषेत आहेत. मेंदुत येथील सु. तीन मी. उंचीची आसनस्थ बुद्धमूर्ती आधी पाहिलेली बरी. वैशाख पौर्णिमेची मिरवणूकही तेथूनच निघते. नेमून दिलेल्या वेळेत दहा फेऱ्या शक्य नसल्याने एखादीच फलकमाला निवडणे श्रेयस्कर. ‘ललितविस्तरा’ची माला निवडल्यास पूर्वेच्या जिन्यापासून डावीकडे निघालेला प्रेक्षक सारनाथच्या पहिल्या धर्मोपदेशाचा फलक पाहून त्याच जिन्याशी परत येतो.