जवानाची जनुकं आणि औषधाची गोळी

गैरसमज : जखमी जवानाची जनुकीय तपासणी रणांगणावरच होते आणि त्याप्रमाणे औषध ठरतं.

वस्तुस्थिती : एवढी उसंत तिथे कुणाला असते? 2001 ते 2011 या दशकात लढाईत मरण पावलेल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. इस्पितळ गाठण्याआधीच गेलेले, पण कदाचित वाचू शकले असते असे जे होते, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांचा घात रक्तस्रावाने केला होता. म्हणून पहिलं काम रक्त थांबवण्याचं. मग वेदनाशमन. अमेरिकी सैन्यात त्यासाठी फेंटानिलची काडीवरची गोळी जवानाच्या गालात ठेवतात आणि ती काडी त्याच्याच बोटाला चिकटपट्टीने बांधतात. गुंगी वाढली की हात खाली पडतो आणि गोळी तोंडातून आपसूक बाहेर येते. जास्त मात्रेपासून जवानाला वाचवणारा हा उपाय जनुकांच्या कुठल्याही अहवालाविना चालतो. अहवालाचा उपयोग असलाच तर तो तुकडी रवाना होण्यापूर्वी.

गैरसमज : जनुकं पाहून औषध ठरवणं हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं नवं शास्त्र आहे.

वस्तुस्थिती : एकच औषध सगळ्यांना सारखं मानवत नाही, हा धडा सैन्याला हिवतापाने शिकवला, आणि तोही पाऊणशे वर्षांपूर्वी. व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावर पामाक्विन वापरलं, तेव्हा काही सैनिकांच्या तांबड्या पेशी धडाधड फुटू लागल्या. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट, डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. कोरियन युद्धात 1951 पासून मायदेशी परतणाऱ्या सैनिकांना जहाजावरच त्याच कुळातलं प्रायमाक्विन दिलं जाऊ लागलं, रोज 15 मिलिग्रॅम, चौदा दिवस. बहुतेकांना काही झालं नाही. काहींना, विशेषतः कृष्णवर्णीय सैनिकांना, तोच त्रास झाला.

कारण सापडलं ते 1956 साली, इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांतून. (कैद्यांनी ‘स्वेच्छेने’ भाग घेतला असं म्हणतात. गजांआडच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हे वाचकांनीच ठरवावं.) असा त्रास होणाऱ्या माणसांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी नावाचं विकर कमी असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच, म्हणून हा दोष पुरुषांत जास्त दिसतो. हिवतापाच्या प्रदेशांत तो मुळातच अधिक आढळतो. भारतात त्याची सुरुवातीची नोंद मुंबईच्या पारशी समाजातली, 1963 सालची.

आज अमेरिकी सैन्यात जी६पीडीची चाचणी नेमाची झाली आहे. गंमत म्हणजे त्यासाठी डीएनए वाचायची गरजच नसते. रक्तातल्या विकराचं काम मोजलं की भागतं. 2018 मध्ये तिथे मंजुरी मिळालेलं टॅफेनोक्विन हे प्रायमाक्विनच्याच कुळातलं औषध शरीरात काही आठवडे रेंगाळतं. प्रायमाक्विन निदान थांबवता तरी येतं, हे एकदा पोटात गेलं की परत घेता येत नाही. म्हणून त्याआधी विकराची मात्रा आकड्यात मोजावीच लागते.

त्यात आणखी एक मेख आहे. प्रायमाक्विनला काम करण्याजोगं रूप देणारं विकर वेगळंच, सीवायपी२डी६. ते मंद असेल तर औषधाचा पूर्ण कोर्स घेऊनही ताप उलटू शकतो, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे एकाच गोळीसाठी एक जनुक अपाय ठरवतं आणि दुसरं गुण. हेच दुसरं विकर कोडीनचं मॉर्फीन करतं. म्हणून कोडीनने कुणाची वेदना हलत नाही, तर कुणाचा श्वासच मंदावतो.

गैरसमज : सैन्याकडे प्रत्येकाचा डीएनए असतोच, मग अडचण कुठे आहे?

वस्तुस्थिती : अमेरिकेत 1990च्या दशकापासून प्रत्येक सैनिकाच्या रक्ताचा डाग कार्डावर जपतात, पण तो मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी. औषध ठरवायला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय जनुकीय भेदभावाविरुद्धचा तिथला 2008 चा कायदा गणवेशातल्यांना लागू नाही. अहवालातल्या एखाद्या ओळीपायी बढती अडेल, ही धास्ती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

गैरसमज : अहवाल हाती आला की औषध अचूक लागू पडतं.

वस्तुस्थिती : नैराश्य असलेल्या 1,944 रुग्णांवर अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत अभ्यास झाला. तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांना न मानवणारी औषधं लिहून देणं कमी झालं, पण चोवीस आठवड्यांनंतर अहवाल पाहून औषध दिलेल्या आणि न पाहता दिलेल्या गटांत बरं होण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक उरला नाही. एका जनुकाने एका औषधाचं विष होत असेल, तिथे ही तपासणी जीव वाचवते. सरसकट सगळ्या औषधांसाठी तिचा आग्रह धरण्याइतका पुरावा अजून नाही.

आपल्याकडेही व्हायवॅक्स हिवतापानंतर चौदा दिवसांचं प्रायमाक्विन देतात. तुम्हाला ते लिहून दिलं, तर जी६पीडी तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.