आपली बातमी आपल्या हाती



विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी ऐकावे, हा शिरस्ता मोडून चालकांनी आज मला येथे उभे केले आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. किंबहुना कोणत्याच शास्त्राचा नव्हे. संघटनेचे काम करता करता जे हाती लागले ते वाचले, जे अडले ते तरुण सभासदांना विचारले. इंटरनेटवरील बातम्या गोळा करून आपल्यापुढे मांडणारे एक छोटेसे अॅप कसे घडते आणि कसे टिकते, हा आजचा विषय आहे. एका कामगाराने दुसऱ्याच्या कामाकडे जसे पाहावे, तसे मी त्याच्याकडे पाहणार आहे.

हा विषय मला का सुचला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभेची वेळ ऐनवेळी बदलावी लागली. नवी वेळ आम्ही एका मोठ्या समाजमाध्यमावरील आमच्या पानावर टाकली. सभासदांनी त्या पानावर आपापली नावे नोंदवलेली होती, तेव्हा सूचना सर्वांना पोचेल असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात पुष्कळ मंडळी जुन्या वेळेला येऊन परत गेली. त्यांतल्या एकाने मला मोबाइल दाखवला. त्यावर क्रिकेट होते, लग्नाची छायाचित्रे होती, जाहिराती होत्या. आमची सूचना तेथे दुसऱ्या दिवशी उगवली. ती कोणी मुद्दाम दडपली, असे मी म्हणत नाही. कोणाला काय आणि केव्हा दाखवायचे हे तेथले यंत्र ठरवते, आणि ते यंत्र आमच्या हाती नाही, एवढेच.

कामगार चळवळीला ही गोष्ट नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली. पण त्याच्या चार वर्षे आधी, १८८० साली, त्यांनी 'दीनबंधू' पत्र हाती घेतले होते. आधी पत्र, मग संघटना, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता फीड म्हणजे काय ते पाहू. कारखान्याच्या दरवाजाशी सूचनाफलक असतो. नवी सूचना वर लागते, जुनी खाली सरकते. संकेतस्थळाचे फीड हा असाच एक फलक आहे; मात्र तो माणसाने वाचावा म्हणून मांडलेला नसून यंत्राने वाचावा म्हणून मांडलेला असतो. ती एक साधी मजकुराची फाइल असते. तीत प्रत्येक लेखाचे शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर आणि त्या लेखाचा ओळखक्रमांक ठराविक खुणांमध्ये लिहिलेला असतो. ह्या खुणांच्या पद्धतीला आरएसएस म्हणतात. फीड-वाचक अॅप तुम्ही सांगितलेल्या सर्व फलकांवर थोड्या थोड्या वेळाने फेरी मारते, नवे काय लागले ते उतरवून आणते आणि काळाच्या क्रमाने तुमच्यापुढे ठेवते. कोणते फलक पाहायचे हे तुम्ही ठरवता. मध्ये निवड करणारा कोणी मुकादम नसतो.

ही पद्धत प्रथम आली १९९९ च्या मार्चमध्ये, अमेरिकेतील नेटस्केप ह्या कंपनीत. तिच्या कर्त्यांपैकी एक रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले गृहस्थ होते. पुढे २००१ साली नेटस्केपने तिच्याकडे पाठ फिरवली. परंतु नियम उघडे असल्यामुळे पद्धत मेली नाही. डेव्ह वायनर ह्यांनी ती पुढे नेली. दुसऱ्या एका गटाने डिसेंबर २००० मध्ये आपली निराळी आवृत्ती काढलेलीच होती. त्या गटात अवघ्या १४ वर्षांचा अॅरन स्वार्ट्झ होता. वायनर ह्यांची २.० ही आवृत्ती २००२ साली आली, आणि ह्या भांडणाला कंटाळून तिसऱ्या मंडळींनी २००५ साली 'अॅटम' नावाची स्वतंत्र पद्धत प्रमाण करून घेतली. एका कारखान्यात तीन संघटना व्हाव्यात, तसा हा प्रकार. असल्या फुटीची किंमत कोण भरतो? येथे ती अॅप लिहिणाऱ्याने भरली. आजही त्याला ह्या सर्व बोली समजाव्या लागतात, कारण वाचकाला भांडणाशी कर्तव्य नसते. त्याला लेख हवा असतो.

अशा अॅपचे एक उदाहरण घेऊ. त्याचे नाव नेटन्यूजवायर. सिअॅटलच्या ब्रेंट सिमन्स ह्यांनी ते २००२ साली अॅपलच्या मॅक संगणकासाठी काढले. लोकांना ते आवडले. २००५ साली त्यांनी ते न्यूजगेटर ह्या कंपनीला विकले आणि स्वतः तिच्या नोकरीत गेले. २००८ च्या आरंभी कंपनीने ते फुकट केले. काय वाचले व काय राहिले ह्याची नोंद दोन यंत्रांत जुळवून ठेवण्याची कंपनीची स्वतःची सोय होती. ती २००९ साली बंद होऊन ते काम गूगल रीडरवर सोपवले गेले. २०११ साली अॅप ब्लॅक पिक्सेल ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. आणि १ जुलै २०१३ रोजी गूगलने रीडरच बंद केले. त्याची घोषणा झाली होती त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात. २००५ पासून चाललेली सेवा मिटायला चार महिन्यांहून कमी मुदत मिळाली. ज्यांनी आपल्या वाचनाची सारी व्यवस्था तिच्यावर टांगली होती, त्यांची धावाधाव झाली.

ह्यात एक भेद आम्हा संघटनावाल्यांना चटकन दिसतो. मालकाने खुशीने दिलेला चहा आणि करारात लिहिलेला चहा, दोन्ही गोडच लागतात. फरक कळतो तो मालकाची खुशी संपल्यावर. गूगल रीडर बंद झाले तरी फीड बंद झाली नाहीत. फलक जागच्या जागीच होते, कारण त्यांची पद्धत कोणा एकाच्या मर्जीवर नव्हती. वाचकांजवळ आपल्या फीडांची यादी होती. ही यादी 'ओपीएमएल' नावाच्या साध्या फाइलीत उतरवून घेता येते आणि कोणत्याही दुसऱ्या वाचक-अॅपला देता येते. ज्यांनी यादी उतरवून घेतली ते एका संध्याकाळीत बिऱ्हाड हलवू शकले.

सिमन्स ह्यांनी मधल्या काळात 'एव्हरग्रीन' नावाचे नवे अॅप मुळापासून लिहायला घेतले होते. २०१८ साली ब्लॅक पिक्सेलने नेटन्यूजवायर हे नाव त्यांना परत केले आणि ते ह्या नव्या अॅपला दिले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची ५.० ही आवृत्ती निघाली, २०२० साली आयफोनवर आली. आता ते फुकट आहे आणि त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचायला, बदलायला व वापरायला खुली आहे. सिमन्स ह्यांच्याबरोबर इतर स्वयंसेवकही त्यावर काम करतात. देणगीसुद्धा ते घेत नाहीत.

येथे कोणीही विचारील की, अॅप एकदा लिहून झाले, चालू लागले, मग रोज उठून त्यात दुरुस्ती कसली? मलाही असेच वाटे. परंतु अॅप म्हणजे घडवून ठेवलेला हातोडा नव्हे. ते सतत हलणाऱ्या जमिनीवर बांधलेले घर आहे. अॅपलने २००६ साली संगणकातील प्रोसेसरची जात बदलली, २०२० साली पुन्हा बदलली. २०१९ साली जुन्या ३२ बिटच्या आज्ञावल्या मॅकवर चालणे बंद झाले. २०१४ साली कंपनीने स्विफ्ट ही नवी संगणकभाषा आणली. प्रत्येक वेळी ज्याने हात हलवला नाही, त्याचे अॅप आज ना उद्या उभे राहीनासे झाले.

दुसरे कारण फीडांतील चुका. जगातली संकेतस्थळे नियम वाचून फीड काढतातच असे नाही. कोठे एक खूण मिटवायची राहते, कोठे तारीख चुकीची पडते. कोठे लेखाचा ओळखक्रमांक बदलतो आणि वाचून झालेले ५० लेख पुन्हा नवे म्हणून समोर येतात. मराठी वाचकाला ह्यातली एक चूक चांगली परिचयाची आहे. फाइलीतील अक्षरे युनिकोडच्या कोणत्या रीतीने साठवली आहेत हे चुकीचे सांगितले, की देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. आमची पुष्कळ मराठी संकेतस्थळे आरंभी आपापल्या खासगी फॉन्टांत निघत. तो फॉन्ट जवळ नसला की मजकूर म्हणजे केवळ कचरा. सर्वांनी एक लिपीसंकेत मानला तेव्हा कोठे आमचा मजकूर यंत्रांतून सुखरूप फिरू लागला.

तिसरी गोष्ट शिष्टाचाराची. हजारो लोकांची अॅपे एकाच फलकावर दर तासाला पूर्ण मजकूर मागू लागली, तर लहान संकेतस्थळ चालवणाऱ्याचे दिवाळे निघेल. म्हणून चांगले अॅप आधी विचारते: "मागच्या वेळी मी नेले त्यानंतर काही बदलले का?" बदलले नसेल तर सर्व्हर फक्त ३०४ हा आकडा परत पाठवतो, मजकूर पाठवत नाही. हा विचारण्याचा संयम वापरणाऱ्याला कधी दिसत नाही. आमच्याकडे ज्या कामगाराच्या पाळीत यंत्र बिघडत नाही, त्याचे नाव साहेबाला ठाऊक नसते, तसेच हे.

दुरुस्तीची रीतही पाहण्यासारखी आहे. वापरणारा तक्रार नोंदवतो. तक्रार सर्वांना दिसेल अशा वहीत चढते. आज्ञावली लिहिणारा ती चूक स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहतो. कारण जी घडवता येत नाही ती दुरुस्त झाली की नाही हे कळत नाही. मग दुरुस्ती होते, ती स्वेच्छेने पुढे आलेल्या काही लोकांना चाचणीसाठी दिली जाते आणि त्यानंतरच सर्वांच्या हाती जाते. घाईने काढलेल्या आवृत्तीने कोणाचे जपून ठेवलेले लेख पुसले गेले, तर ते माफीने परत येत नाहीत.

कधी दुरुस्ती म्हणजे काढून टाकणेही असते. नेटन्यूजवायरमध्ये ट्विटर व रेडिट ह्यांवरचा मजकूर आणण्याची सोय होती. २०२३ साली त्या दोन्ही कंपन्यांनी बाहेरच्या अॅपांसाठी आपले दार अरुंद केले, दाम लावला. ती सोय काढावी लागली. पुन्हा तोच चहा.

आता माझ्या मनातली खरी अडचण सांगतो. आयुष्यभर मी सांगत आलो की, कामाचा दाम मागा. मग वर्षानुवर्षे बिनदामाचे काम करणाऱ्या ह्या माणसाचे कौतुक मी कोणत्या तोंडाने करावे? ह्यात धोका आहेच. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाची मोठी चूक उघडकीस आली. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ओपनएसएसएल नावाच्या ज्या आज्ञावलीवर उभी होती, ती मोजकी माणसे तुटपुंज्या पैशांत सांभाळत होती. त्यांच्या श्रमावर मोठमोठ्या कंपन्या व्यवहार करीत होत्या. ह्याला मी शोषणच म्हणतो. त्यागाचे नाव दिल्याने ते बदलत नाही.

परंतु पाळी संपल्यावर मालकाने फुकट राबवून घेतलेला तास वेगळा, आणि पाळी संपल्यावर संघटनेची वर्गणी गोळा करायला दिलेला तास वेगळा. घामात फरक नाही. फरक आहे तो "उद्या येणार नाही" असे म्हणण्याच्या मोकळिकीत, आणि त्या घामातून निघालेली वस्तू कोणाची होते ह्यात. फीड-वाचकाचा कर्ता उद्या थांबू शकतो. त्याने लिहिलेले सर्वांचे राहते. देणगी न घेण्याचा अर्थही मी असाच लावतो: कोणी पैसे देऊन त्याच्याकडून काम वसूल करू शकत नाही.

तरीही एका माणसावर उभी असलेली गोष्ट मला अस्वस्थ करते. आमचे एक जुने चिटणीस वारले, तेव्हा सभासदांची नोंदवही, करारांच्या प्रती, सारे त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटीची किल्ली कोणाला सापडेना. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्यामागे आम्ही कित्येक महिने चाचपडलो. खुली आज्ञावली म्हणजे पेटी आधीच उघडी ठेवणे. मात्र उघड्या पेटीतले कागद वाचता येणारा दुसरा माणूसही तयार करावा लागतो. ते काम कोणतेही यंत्र करीत नाही.

नेटन्यूजवायर केवळ अॅपलच्या यंत्रांवर चालते, आणि ती यंत्रे आमच्या बहुतेक सभासदांना परवडणारी नाहीत. अँड्रॉइड मोबाइलवर 'फीडर' नावाचे असेच खुले व फुकट अॅप मिळते. पद्धत एकच असल्याने अॅप कोणते ह्याला महत्त्व कमी. तुम्ही जे पॉडकास्ट ऐकता, तेही बहुतांशी ह्याच आरएसएसवरून तुमच्यापर्यंत येतात. आणि वर्डप्रेसवर संकेतस्थळ असेल, तर त्याचे फीड आपोआप तयार असते. पत्त्यापुढे 'फीड' हा शब्द रोमन अक्षरांत जोडला की बहुधा ते सापडते.

आमच्या संघटनेचे फीड असे गेली काही वर्षे तयारच पडून होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आता काही सभासद त्यावरून सूचना घेतात. संख्या थोडी आहे. समाजमाध्यमावरचे पानही आम्ही मिटवलेले नाही, कारण माणसे जेथे आहेत तेथे जावे लागते. परंतु सभेची वेळ बदलली तर ती आता आधी आमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लागते आणि मग इतरत्र जाते. दरवाजाजवळचा लाकडी फलकही अजून तेथेच आहे. त्यावर खडूने लिहिण्याचे काम आठवड्याला पाळीने वाटून दिले आहे, म्हणजे ते एकाच माणसावर राहू नये.